नव्या चहाचं पाणी

मात्सुदाबाईंकडे मी चहा शिकायला जायचे, तेव्हा माझ्या पाठीवर नवऱ्याच्या, मयूरच्या पट्ट्याचे वळ असायचे. तरीही त्या इवल्याशा चहादाणीचं झाकण दोन बोटांनी धरून मी हसतमुखानं चहा ओतायचे. आज आठवलं की माझाच मला राग येतो.

ही गोष्ट २००२ सालची. मी अंबडच्या एका कारखान्यात दुभाषी होते. पुण्याला जपानी शिकून आलेली, आणि त्या वेळी नाशकात ती भाषा येणारी माझ्याशिवाय दुसरी बाई मला तरी माहीत नव्हती. जपानहून आलेले इंजिनियर मात्सुदा रविवारीसुद्धा दिवसभर मशिनींशी बोलायचे आणि त्यांची साठीतली बायको गंगापूर रोडच्या भाड्याच्या बंगल्यात भिंतींशी. म्हणून दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचे. घरकामाला पेठ तालुक्यातली रंगूबाई होती. तिला जपानी येत नव्हतं, बाईंना मराठी येत नव्हतं, पण दोघींचं माझ्याविना झकास चालायचं.

आदल्या वर्षी तर मजाच झाली होती. बाईंच्या भावाचा तिकडे जपानच्या दक्षिणेला चहाचा मळा. वर्षाचं पहिलं कोवळं पान तिथे लवकर खुडतात. तो नवा चहा पार्सलनं आला आणि रंगूबाईनं पाहुण्यांसाठी म्हणून अर्धं पाकीट दूध, साखर, आलं घालून खळाखळा उकळलं. गाळून वर म्हणाली, "पत्ती लय हलकी हाय ताई, रंगच सुटंना." बाईंनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि मान झुकवून आभार मानले. मग मला शिकवायला बसल्या.

त्या म्हणाल्या, "नव्या चहाला उकळतं पाणी चालत नाही. किटलीतलं पाणी आधी रिकाम्या पेल्यात ओतायचं. पेला हातात धरवेपर्यंत थांबायचं, मगच पानावर घालायचं. घाई केली की पान कडू होतं."

हे माझ्या मनात फार खोल गेलं. मला वाटलं, संसाराचं गुपितच सापडलं. मयूर बाहेर लाख माणूस. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, गल्लीतल्या सगळ्यांचा मयूरभाऊ. घरात मात्र डोकं शांत ठेवून मारायचा. कपड्याखाली झाकलं जाईल तिथेच. चौथ्या महिन्यात त्याची लाथ पोटात बसली आणि माझं मूल गेलं. दवाखान्यात तो माझा हात हातात घेऊन उभा होता आणि मी सांगितलं, जिन्यावरून पडले. तसंच लिहिलं गेलं. अजूनही त्या फाइलीत तसंच असेल.

तर मी निवायला शिकले. त्याचा हात उठला की मनात पाणी पेल्यात ओतायचे आणि थांबायचे. रंगूबाईला हे एकदा सांगितलं, तेव्हा ती भांडी घासायची थांबली. "तुम्ही बसा निवत," ती म्हणाली. "तो काय निवायचा नाय."

पाच मेला त्यांच्याकडे मुलांचा सण. बाईंनी गच्चीवर बांबूला कापडी मासे बांधले होते. काळा, लाल, निळा. गरम वाऱ्यात ते फडफडत होते. सणाला दारावर एक पाला टांगतात, वाईट काही आत येऊ नये म्हणून. त्याचं चित्र बाईंनी काढून दाखवलं, तर रंगूबाई म्हणाली, "अगं बया, हे तं वेखंड. आम्ही लेकरांना उगाळून देतो." गावाकडच्या ओहोळातून तिनं पातीचा भाराच आणला. तांदळाच्या पिठाचे गोड गोळे पळसाच्या पानात उकडले. बाईंनी विचारलं, "पल्लवी-सान, तुम्हाला मुलं?" मी "नाही" म्हटलं आणि पानं पुसत बसले.

त्या दिवशी नवा चहा मी एकटीनं करून बाईंना द्यायचा होता. वर्षभर शिकले ते दाखवायचं. मयूरनं बजावलं होतं, साडेचारला घरी. पाच वाजले तेव्हा किटली माझ्या शेजारी छोट्या शेगडीवर उकळत होती आणि पहिलं पाणी पेल्यात निवत होतं.

दारावरची वेखंडाची पात बाजूला सारून तो आत आला. चपला घालून थेट चटईवर. बाईंची नजर त्या चपलांवर गेली. त्यानं हळू आवाजात विचारलं, "साडेचार म्हणजे किती?"

"एवढा एक पेला," मी म्हटलं. "पाणी निवतंय."

त्यानं थोबाडीत मारली. परक्या घरात, दुसऱ्यांसमोर तो मला पहिल्यांदाच मारत होता. मला वाटलं, आता थांबेल. त्यानं केस धरले आणि माझं कपाळ बैठ्या टेबलावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. पेला फुटला. डोळ्यात रक्त उतरलं. "कामाला जाते म्हणे! चहा पाजायला जाते!" तो ओरडत होता आणि लाथ मारत होता, बरगडीत, मांडीवर, जिथे लागेल तिथे.

मात्सुदाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. एवढीशी बाई, त्याच्या छातीलाही लागत नव्हती. त्यानं एका हातानं त्यांना उडवलं. त्या भिंतीवर आदळल्या आणि मनगट धरून खाली बसल्या.

मग मी किटली उचलली. हात घसरला नाही, कुणाचा धक्का लागला नाही. मी झाकण काढून चटईवर ठेवलं आणि उकळतं पाणी त्याच्या मानेवर, छातीवर फेकलं.

तो जनावरासारखा किंचाळला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? शर्ट अंगाला चिकटला होता, तो सोडवायला गेला तशी बोटं भाजली आणि तो गुडघ्यांवर पडला. किटली अजून माझ्या हातात होती, तीही मी त्याच्या पाठीत घातली. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा रंगूबाईनं माझा हात धरला. तिनंच त्याला फरफटत नेऊन मोरीतल्या नळाखाली बसवलं. "मरायला नको," ती म्हणाली. "तुमच्याच गळ्यात यायचं."

शेजाऱ्यांनी फोन केला होता. दोन-तीन तासांनी आम्ही तिघी चौकीत होतो. माझ्या भुवईला पट्टी, बाईंचा हात गळ्यातल्या झोळीत. हवालदार दवाखान्यात मयूरचा जबाब घेऊन आला होता.

"तुमचे मिस्टर म्हणतात, चहा देताना किटली चुकून सांडली," तो म्हणाला. "कुणाबद्दल तक्रार नाही."

बायकोनं भाजलं हे मयूर मेला असता तरी बोलला नसता. रंगूबाई म्हणाली, "म्या मोरीत होते, काय दिसलं नाय." हवालदारानं मात्सुदाबाईंकडे बोट केलं. "त्यांना विचारा, काय पाहिलं."

मी जपानीत विचारलं. बाई ताठ बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "किटली माझ्या हातून सांडली. यजमानीण मी होते, चूक माझी. असंच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. ते एक वाक्य मराठीत म्हटलं की झालं. सुटले असते मी. सुटून कुठे गेले असते? चुकून सांडलं, तर केस नाही. केस नाही, तर भांडणही नाही, मारही नाही, आणि उद्या-परवा पट्ट्या बांधलेल्या नवऱ्याला मी रिक्षात घालून घरी नेणार. पुन्हा जिन्यावरून पडणार.

"बाई मला वाचवायला खोटं बोलतायत," मी म्हटलं. "पाणी मी फेकलं. मुद्दाम. उकळतं होतं."

रंगूबाईनं कपाळावर हात मारला. हवालदारानं पेन खाली ठेवलं. "मॅडम, शिकलेल्या आहात. नवरा स्वतः नाही म्हणतोय. आत जाल."

"जाईन. पण का फेकलं तेही लिहावं लागेल ना?"

त्यानं माझ्या पट्टीकडे बघितलं. मग त्यानं कोरा कागद ओढला. "बोला. किती वाजता सुरू झालं?"

"सत्त्याण्णव साली," मी म्हटलं. "लग्नाच्या अकराव्या दिवशी सकाळी. लिहा, चहात साखर कमी पडली होती."