डोंगराची की वाळूची

दयारामची सायकल मोडली ती डोंगरावर नाही, रेवदंड्याच्या सपाट वाळूत. पेडलच्या वर, जिथं फ्रेमच्या नळ्या एकमेकींना मिठी मारतात, तिथं केसाएवढी चीर गेली आणि सायकल चालताना कण्हू लागली. "चाकं, गिअर सगळं चांगलं हाय, फ्रेम तेवढी नवी टाकू," असं दुकानवाल्या हितेशनं फोनवर सांगितलं. तसा दयाराम सायकल टेंपोत टाकून, बायकोला, ठमीला, शेजारी बसवून चौलहून अलिबागला निघाला.

काम साधं, पण त्याला ते जड जात होतं. कारण फ्रेम निवडायची म्हणजे आपण आता कुठं सायकल चालवतो ते कबूल करायचं.

पूर्वी दर रविवारी तो पोरांच्या टोळीबरोबर सागरगडाकडच्या डोंगरात जायचा. उतारावर दगडांवरून अशा उड्या टाकायचा की पोरं त्याला वानरकाका म्हणत. मग एका हिवाळ्यात ठमीनं हट्ट धरला, मलाही शिकवा. ओहोटीची घट्ट वाळू, तिची टोपलीवाली लेडीज सायकल आणि मागं कॅरिअर धरून धावणारा दयाराम. ती पडली, हसली, पुन्हा बसली. साडी जाऊन पंजाबी ड्रेस आला. तेव्हापासून त्यांचे रविवार समुद्राकडे वळले. जाताना लाटेच्या काठाकाठानं, येताना सुपारीच्या सावलीसावलीनं. पोरांनी विचारलं की तो म्हणे, "येतो रे पुढच्या रविवारी." तो पुढचा रविवार काही उगवला नाही.

डोंगराची फ्रेम घेतली तर ठमीची सकाळ एकटी पडणार. वाळूची घेतली तर डोंगर सुटला, कायमचा.

हितेशनं दोन फ्रेम काढल्या. "ही केशरी बगा दादा, मागं शॉकअप. किती उड्या मारा, कंबर शाबूत. आणि ही निळी, मागं काय न्हाय, साधी, हलकी. कॅरिअरला भोकंपण हायत."

मग त्यानं जुन्या फ्रेमचा सीटचा दांडा ओढला आणि फ्रेम उलटी केली. सर्रकन वाळू सांडली. वाळू संपते तोच शंख पडला, नखाएवढा.

"दादा, तुमचा डोंगर समुद्रात बुडाला काय?"

ठमी तोंडाला ओढणी लावून हसली. दयारामचे कान तांबडे झाले.

"निळी दे," तो एकदम म्हणाला. "कॅरिअरपण लाव. बाजाराची पिशवी बसंल." बोलला आणि छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, ओझं उतरलं की डोंगर, ते त्याचं त्यालाच कळेना.

ठमीचं हसू थांबलं. "आणि डोंगर?"

"आता कुठला डोंगर? तुला सोडून जाऊ व्हय?"

"सोडून कशाला? मला इचारलंत कधी? वरून चौलच्या वाड्या हिरव्या गोधडीसारख्या दिसतात, असं तुमीच सांगता ना? मग मी काय जन्मभर गोधडीखालीच राहू?"

"अगं, पण मग बोललीस का न्हाय?"

"काय बोलू? माझ्या सायकलीला गिअर न्हाय. चढ आला की ती रुसते. म्हटलं, माझ्यापायी तुमचा रविवार कशाला रखडवा?"

दोघंही एकमेकांसाठी सपाटीवर थांबली होती!

"वैनी, जरा उभ्या राहा बगू," हितेशनं निळी फ्रेम तिच्या कमरेशी धरली. मग दयारामकडे पाहिलं. "ही बरोबर वैनींच्या मापाची. दादा, तुमची मोठी मागवावी लागंल."

"मागवू नको," ठमी म्हणाली. "हिलाच यांची जुनी चाकं नि गिअर बसव."

"आणि मी?"

"माझी टोपलीवाली हाय की! तुमचे पाय डोंगरात मुरलेत, तुमाला गिअर कशाला?"

हितेश केशरी फ्रेमआड तोंड लपवून खिदळू लागला. दयारामच्या समोर ठमी, बिनचाकाच्या त्या निळ्या नळ्या दोन हातांत धरून उभी, जशी आत्ताच चढाला लागलीय.

"मग कॅरिअर राहू दे," तो म्हणाला. "चढाला वजन होतं."

पुढच्या रविवारी तो डोंगर चढत होता. चढत कसला, टोपलीवाली ढकलत होता. वरून पोरांची टोळी धुरळा उडवत आली.

"वानरकाका! टोपलीत केळी काय?"

"बाजूला व्हा रे! मालकीण पुढं गेलीय."

मालकीण वळणावर थांबली होती. घामानं निथळलेली, गाल लालबुंद, आणि लग्नातल्या धवला गाण्याच्या चालीवर मोठ्यानं गात:

*पुढं चालली नवरी, मागं नवरा दमला,*
*डोंगराच्या पायरीला त्याचा तोरा गं नमला!*

पोरांनी शिट्ट्या मारल्या. दयाराम हसत, धापा टाकत कसाबसा तिच्याजवळ पोचला.

"अवो," ती टाचा उंचावून खाली चौलच्या वाड्यांकडे बघत म्हणाली, "आपलं घर कुठलं यातलं?"

त्यानं बोट केलं, त्या हिरव्या गोधडीच्या एका कोपऱ्याकडे.