पहिला प्रश्न वासुदेवरावांचा

समुद्रपूरच्या डॉक्टर मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाहुण्याचं व्याख्यान होई, आणि व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न डॉक्टर वासुदेवरावांचा असे. वयानं तेच सगळ्यांत थोरले. त्यांनी विचारल्याशिवाय दुसरं कोणी तोंड उघडत नसे, चहासुद्धा आत येत नसे. या मानाचं कोणी कौतुक केलं की ते 'छे छे' म्हणत, आणि रविवारी सकाळी सगळ्यांत आधी इस्त्रीचा सदरा शोधत.

या खेपेचा विषय वाचला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. 'आपल्या तालुक्यातील वैद्यकीचा इतिहास.' बोलणार होती वर्ध्याची डॉक्टर अंकिता. इतिहास सांगायला मुंबई-पुणे सोडून ही पोरगी समुद्रपुरात काय उकरून राहिली होती? त्यातच कळलं की ती दोनदा त्यांच्या बंद दवाखान्यात येऊन रुग्णांच्या जुन्या वह्यांचे फोटो काढून गेली. किल्ली दिली तानबानं. तानबा म्हणजे पस्तीस वर्षं त्यांच्या हाताखाली राबलेला कंपाउंडर.

"तानबा, माह्या वह्या तिले काऊन दाखवल्या?"

"इतिहासासाठी पाह्यजे म्हणे, साहेब. सत्त्याऐंशीची वही घेऊन लय वेळ बसली होती."

"अन् तू काई बोलला?"

"तिनं इचारलंच नाई," तानबा म्हणाला आणि चपला घालायला लागला.

सत्त्याऐंशीची! झालं. म्हणजे नेम धरूनच आली होती. वासुदेवरावांचं जेवण त्या दिवसापासून कमी झालं. तानबा फितूर झाला, असंही त्यांना वाटू लागलं.

त्या वर्षी ऑक्टोबरात, कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, गिरड गावाकडची एक मजूर बाई घामाघूम होऊन आली होती. दवाखान्यात गर्दी होती. ऊन लागलंय, असं म्हणून त्यांनी मान वर न करता सलाईन लावलं आणि तासाभरानं तिला घरी पाठवलं. ती वाटेतच गेली. दुसऱ्या दिवशी त्याच शेतातले तिघं आले, तेव्हा आकसलेल्या बाहुल्यांवरून त्यांना फवारणीचं विष ओळखू आलं. तिघंही वाचले. मग वासुदेवरावांनी वहीतलं त्या बाईच्या नोंदीचं पान फाडलं आणि तानबाला नवं लिहायला लावलं: 'स्त्री, वय अंदाजे पंचवीस. मृतावस्थेत आणली. डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या.' अक्षर तानबाचं, खोटं डॉक्टरांचं.

रविवारी ते पहिल्या रांगेत बसले. तोफेच्या तोंडीच बसले म्हणा ना. तानबा मागे दाराशी बसला होता. पडद्यावर ते पान आलं आणि वासुदेवराव सावरून बसले. उत्तर त्यांनी पाठ करून ठेवलं होतं: तेव्हा साधनं नव्हती, माणसं नव्हती, दिवसाला शंभर रुग्ण.

"हे पान मला फार मोलाचं वाटतं," अंकिता म्हणाली. "रुग्ण मृतावस्थेत आली. दुसऱ्या कोणी मृत्यूचा दाखला लिहून सोडून दिलं असतं. सरांनी मात्र तिचे डोळे तपासले. म्हणून दुसऱ्या दिवशी तिघांचे प्राण वाचले. आमच्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकात मी हे पहिलंच उदाहरण घेतेय."

टाळ्या पडल्या. एकदोन जण उभे राहिले. वासुदेवरावांना आधी हायसं वाटलं, अगदी हसूसुद्धा आलं. सुटलो! इतके दिवस उगाच पोरीवर संशय घेतला. पण टाळ्या काही थांबेनात, आणि एकेक टाळी त्यांना जिव्हारी लागू लागली. ते डोळे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. आता दरवर्षी पन्नास पोरं ते खोटं पाठ करणार होती. त्यांना स्वतःची शिसारी आली.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्याकडे पाहिलं. टाळ्या थांबल्या. चहावाला दारात ट्रे घेऊन थांबला. 'प्रश्न नाही' एवढे दोन शब्द पुरले असते.

वासुदेवराव खुर्चीला धरून उठले.

"माझा प्रश्न पाहुण्यांना नाही," ते म्हणाले आणि मागे वळले. "तानबा, ते बाई दवाखान्यात आली तवा काय म्हणत होती?"

लोक माना वळवून पाहू लागले. तानबा हळूच उभा राहिला.

"राहू द्या ना, साहेब."

"सांग."

"दिसत नाई म्हणत होती, साहेब. डोळ्यांपुढं धुकं आलं म्हणे." तानबा खाली पाहत म्हणाला. "दोनदा सांगतलं तिनं तुमाले."

"नाव आठवते?"

"गोपिका."

अंकिताच्या हातातला रिमोट तसाच राहिला. पडद्यावर तानबाच्या वळणदार अक्षरातलं पान होतं. वासुदेवराव तिच्याकडे वळले. पाठ केलेलं त्यांना काही आठवलं नाही.

"पुस्तकात घ्या, बाई, पण नीट लिहा," ते म्हणाले. "मृतावस्थेत नाही. ती चालत आली होती."