उलटी लावलेली अंजिराची काडी

मी अंजिराची एक काडी आहे. जुनी म्हणावं इतकं माझं वय नाही आणि झाड म्हणावं इतकी माझी लायकी नाही. तरी मित्रांनो, माझी कहाणी ऐका. सांगताना लाज वाटते, पण सांगते.

माझा जन्म बेंगळुरूच्या जे. पी. नगरात, वसुमतीअक्कांच्या दारच्या अंजिरावर झाला. अक्कांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्यांच्या वरच्या मजल्यावर पुण्याची मुग्धा भाड्यानं राहायची. वनस्पतींच्या अंगातली संजीवकं मुळं कशी घडवतात, यावर ती प्रयोगशाळेत संशोधन करते. तिनं सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा अक्कांनी मला छाटून मोठ्या मायेनं तिच्या हाती दिलं.

अक्कांच्या घरची रीत अशी, की काडीचा शेंड्याकडचा छाट तिरपा घ्यायचा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. बुडाचा छाट सरळ. मुग्धाच्या प्रयोगशाळेत नेमकं याच्या उलट. अक्कांनी सांगितलं नाही आणि मुग्धानं विचारलं नाही. तिनं माझं तिरपं टोक मुळं फुटायच्या पुडीत बुडवलं आणि कुंडीत खोचलं. माझं डोकं मातीत गेलं आणि पाय वर राहिले.

मित्रांनो, आमच्या अंगात ऑक्सिन नावाचं संजीवक असतं. ते शेंड्याकडून बुडाकडे उतरतं आणि जिथं साचतं तिथं मुळं धरतात. काडी उलटी केली म्हणून ते आपली वाट बदलत नाही. माझ्याही अंगात ते इमानानं बुडाकडेच जात होतं, पण बूड होतं उघड्यावर. तिथं नुसती गाठ आली आणि मातीतलं टोक काळं पडू लागलं. मुग्धा मला उपसून पुन्हा पूड लावायची. पूड जास्त झाली तर मुळं अडतात, हे तिलाच सर्वांत चांगलं ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला शिकलेलं आठवत नाही. ती रोज आशेनं वाकून बघायची आणि मी मात्र पार बोडकी. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

अशात अक्कांचा फोन आला. खोडकिड्यानं त्यांचं अंजीर आतून पोखरलं होतं. झाड तोडावं लागलं. "तुझ्याकडची काडी तेवढी उरली बघ," त्या म्हणाल्या. "जगली की नाही?"

मुग्धा माझ्यासमोरच उभी होती. "मस्त आहे, अक्का. पानं फुटलीत," ती म्हणाली.

अक्का हरखल्या आणि रविवारी बघायला येते म्हणाल्या. मग एका खोट्यासाठी दुसरं खोटं आलं. मुग्धानं नर्सरीतून अंजिराचं हिरवंगार रोप आणलं आणि मला उपटलं. तेव्हा तिला वरच्या सरळ छाटाशी आलेली गाठ दिसली. गाठीवर मुळांचे पांढरे ठिपकेही होते. तिनं डोळे मिटून घेतले. काय झालंय ते तिला कळलं होतं. तिनं मला ओल्या फडक्यात गुंडाळून वॉशिंग मशीनच्या मागे ठेवलं आणि माझ्या कुंडीत ते रोप लावलं.

रविवारी अक्का आल्या. रोपाच्या पानांवरून त्यांनी हात फिरवला. "आमच्याच झाडाचं पान गं हे," त्या म्हणाल्या. मी मशीनच्या मागे ऐकत होते. माझ्या वाट्याची माया परक्या पानांवर चालली होती, आणि राग यायचा सोडून मला माझ्या बोडकेपणाचीच लाज वाटत होती.

मुग्धानं चहाचं आधण ठेवलं आणि बंद केलं. मग मला बाहेर काढून अक्कांपुढे धरलं.

"ते नर्सरीचं आहे, अक्का. तुमची काडी ही. मी उलटी लावली, आणि तुमच्याशी खोटं बोलले."

अक्कांनी सुरी मागितली, माझं कुजलेलं टोक कापून टाकलं आणि काचेच्या बरणीत माती भरून मला सुलटं लावलं. "छाटाचं मी सांगायला पाहिजे होतं. ते सरी, कबूल, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "पण पानं फुटलीत म्हणून का सांगितलंस?" चहा न घेताच अक्का गेल्या.

पुढं कितीतरी दिवस त्यांचा फोन आला नाही. माझं संजीवक मात्र आपल्या वाटेनं उतरत राहिलं. एका सकाळी काचेला टेकलेलं माझं पांढरं मूळ मुग्धाला दिसलं. तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

"अक्का, मूळ फुटलं. खरंच."

पलीकडून अक्का म्हणाल्या, "फोटो पाठव."

मुग्धाचा चेहरा पडला. तिनं फोटो पाठवला.

मित्रांनो, उलटी लावलेली काडी सुलटी करता येते, तिला मुळंही फुटतात. म्हणून काडी हातात घ्याल तेव्हा वर कोणतं आणि खाली कोणतं ते विचारायला लाजू नका. आणि ती नाहीच रुजली, तर तसं सांगून टाका. नाहीतर पुढं कधी खरंच मूळ फुटलं, तरी त्याचा पुरावा द्यावा लागतो.