टाचेतला शिंपला

कणारन वैद्यरांनी नबीसुम्माच्या टाचेतून शिंपल्याचा नखाएवढा तुकडा चिमट्याने ओढून काढला, तरी तिने हूं की चूं केलं नाही. यंदा खाडीत वेचायला तिसऱ्या बऱ्या मिळतायत, हेच ती सांगत राहिली.

“दुखलं नाही?”

“तुमचा हातच हलका, वैद्यर.”

जखम आजची नव्हती. कडा काळवंडल्या होत्या, आतून वास येत होता. वैद्यरांनी ती धुतली, पट्टी बांधली.

“साखरेवरच्या गोळ्या घेतेस ना?”

“सोडल्या की! ओणमच्या आधीच नाही का सांगितलं तुम्हाला? तुमच्या काढ्याने साखर उतरली, मग त्या कशाला गिळू?”

सांगितलं होतं खरं. तिने ते अख्ख्या मासळीबाजारात सांगितलं होतं. तेव्हापासून वैद्यरांच्या ओसरीवर बसायला जागा पुरत नव्हती. त्या दिवशी ते नुसते हसले होते.

त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. “ऊठ. दवाखान्यात जायचंय.”

“त्या डॉक्टर पोरीकडे? ती तुम्हाला पाल्याचा म्हातारा म्हणते!”

“म्हणू दे. चल.”

सरकारी दवाखान्याच्या बाकावर निम्मी माणसं वैद्यरांच्याच ओसरीवरची होती. त्यांना बघून काहींनी माना खाली घातल्या. एकाने उठून जागा दिली. वैद्यर बसले नाहीत.

डॉक्टर लिन्सीने पट्टी सोडली आणि तिचा आवाज चढला.

“गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?”

“कुणी नाही. मीच सोडल्या,” नबीसुम्मा घाईघाईने म्हणाली. “वैद्यरांना यातलं काही ठाऊक नाही.”

वैद्यरांनी नेसलेल्या मुंडूचा सोगा मुठीत धरला. नबीसुम्मा त्यांच्याकडे मुद्दाम बघत नव्हती.

“ठाऊक होतं,” ते म्हणाले. “चार महिने झाले. मला बरं वाटलं ऐकून, म्हणून गप्प बसलो.”

डॉक्टरने गोळ्या लिहिल्या, रक्त तपासायला सांगितलं, जखमेसाठी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. मग एक कोरा कागद पुढे ओढला.

“काढ्यात काय काय घालता?”

“कशाला?”

“दोन्ही मिळून साखर फार खाली जायला नको. बसा. सावकाश सांगा, मी लिहून घेते.”

वैद्यर खुर्चीच्या कडेला टेकले. वडिलांनी हा काढा शिकवला तो आधी दाराला कडी घालून. इथे दार सताड उघडं होतं आणि बाकावरची माणसं कान देऊन बसली होती. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पहिलं नाव सांगितलं.