पुस्तक मिटलेलं होतं

"मुंडकं उडवते का त्याचं? खरं सांगा भाऊ."

"सांगतलं तं मंग वाचाल काय तुमी?"

"वाचीन ना. पन मले आदी माहीत पाह्यजे. मांगच्या भागात तो घोडेवाला मेला तं मी दोन दिवस नीट जेवली नाई."

चंद्रभान गावंडे गालातल्या गालात हसला. अमरावती-अकोला गाडीतला दाराजवळचा पहिला बाक ही त्याची ठरलेली जागा. बडनेरा मागे पडलं, तिकिटं देऊन झाली, की कंडक्टर दीक्षा खंडारे त्याच्यासमोरच्या दांडीला पाठ टेकून उभी राहायची आणि मग लोणीपर्यंत दोघांचं हेच चालायचं. सध्या काय वाचता, कितवा भाग, कोण मेलं, कोण परत जिवंत झालं.

चंद्रभान मूर्तिजापूरच्या एका हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. वय बावन्न. तीस वर्षांत हजारो माणसांची हाडं त्याने पाहिली होती, पण त्यातल्या एकालाही त्याचं नाव माहीत नसेल. 'इथं हात ठेवा, श्वास रोखा, हलू नका,' एवढंच त्याचं दिवसभराचं बोलणं. बाकीचं सगळं आयुष्य पुस्तकांत. तीही जाड, पाच-पाच सात-सात भागांची. ड्रॅगन, जादूगार, परग्रहावरच्या वसाहती, तारकांमधली युद्धं. त्यातल्या त्यात लढायांवर त्याचा भारी जीव. कोणता सरदार कुठल्या पुलावर एकटा उभा राहिला, कुणाच्या बरगडीत भाला कसा शिरला, हे तो असं सांगायचा, की जणू काल डोळ्यांनी बघून आला आहे.

दीक्षाला हा नाद त्यानेच लावला. आधी त्याने तिला शनीच्या चंद्रावरच्या खाणकामगारांची पाच भागांची मालिका दिली होती. तिने पहिलाच भाग परत केला. "मशिनीच मशिनी हायेत भाऊ. मान्सं कुठं हायेत याच्यात?" मग त्याने 'सात किल्ल्यांचं राज्य' दिलं, आणि बाई त्यात बुडाली. नवरा शेगावला वीज कंपनीत, मुलगी सातवीत. रात्रीची भांडी घासून झाली की ती वाचायला बसायची. त्या सकाळी दुसरा भाग तिच्याकडे अर्ध्यावर होता आणि तिसरा चंद्रभानच्या मांडीवरल्या पिशवीत.

लोणी ओलांडून गाडी थोडी पुढे गेली असेल, इतक्यात एक पांढरी कार आडवी घुसली. ड्रायव्हर पुंजारामने करकचून ब्रेक दाबला. बाया किंचाळल्या. दार बाहेरून धाडकन उघडलं आणि तिघं वर चढले. पुढच्याच्या हातात पाण्याच्या नळाचा लोखंडी पाइप होता.

चंद्रभानने त्याला ओळखलं. तो गजेंद्र होता. भातकुलीकडचं त्याचं गाव आणि चंद्रभानचं गाव एकच. हा पोरगा नागडा खेळायचा तेव्हापासून त्याने पाहिला होता. मागचे दोघंही गावातलेच.

"काका, तुमी गुमान बसा," गजेंद्र म्हणाला आणि मागे गेला.

चौथ्या बाकावर त्याची बहीण गीतांजली बसली होती, शेजारी तिचा नवरा अश्विन. बारा दिवसांपूर्वी दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. पोरगा जातीबाहेरचा होता, एवढाच गुन्हा. गजेंद्रने काही विचारलं नाही, शिवीही दिली नाही. त्याने पाइप उचलला आणि अश्विनच्या डोक्यात घातला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. गीतांजली नवऱ्याच्या अंगावर पडली. दुसऱ्याने तिला केसांना धरून ओढलं.

"ए! माह्या गाडीत हात लावाचा नाई!" दीक्षा लोकांना ढकलत धावली. "सोड तिले! सोड म्हनते!"

"बाजूले हो बाई. घरची गोठ हाय."

"घरची हाय तं घरी कर. हे गाडी माही हाय."

तिने तिकिटाची मशीन त्याच्या तोंडावर हाणली. गजेंद्रचं नाक फुटलं, रक्त ओठांवर आलं. त्याने पुन्हा पाइप उगारला. दीक्षाने स्वतःला सावरायला उजव्या हाताने बाकाची दांडी धरली होती. घाव त्या हातावर बसला, लोखंडावर लोखंड. ती ओरडलीसुद्धा नाही, खाली बसली. तिला ओलांडून त्यांनी अश्विनला पायांना धरून फरफटत दारापर्यंत आणलं. पायऱ्यांवर त्याचं डोकं तीनदा आपटलं. खाली डांबरावर तिघांनी त्याला मारलं. पाइपने, बुटांनी, पुन्हा पाइपने. पहिल्यांदा तो हात वर करत होता. मग नाही.

गाडीत पस्तीस-चाळीस माणसं होती. कोणी बाकाखाली वाकलं होतं, कोणी मोबाइल धरला होता, तोही गजेंद्रने नजर टाकताच खिशात गेला. आणि चंद्रभान दारापासून हातभर अंतरावर पिशवी छातीशी कवटाळून बसला होता. अश्विनला ओढत नेताना त्याचा हात चंद्रभानच्या पायाला लागला. त्या हाताने त्याची पँट धरली. घट्ट धरली. चंद्रभानने पाय मागे घेतला.

गीतांजलीला गाडीतून ओढून कारमध्ये कोंबून ते भरधाव निघून गेले, तेव्हा दीक्षाच पहिल्यांदा उठली. "उचला त्याले! बसून काय रायले सारे? पुंजारामभाऊ, आता थांबाचं नाई कुठंच."

"आमच्या दवाखान्यात घ्या," चंद्रभान म्हणाला. त्या सगळ्या वेळात त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द.

डॉक्टरांनी अश्विनला बघितलं आणि रुग्णवाहिकेतून तसंच अकोल्याला पाठवलं. वाटेत, बोरगाव मंजूच्या अलीकडेच, त्याने प्राण सोडला.

दीक्षाचा हात चंद्रभानलाच बघावा लागला. टेबलावर तिने तो डाव्या हाताने उचलून ठेवला, दुसऱ्याचा असावा तसा. सुजून वांग्यासारखा झाला होता. चंद्रभानने 'हलू नका' न म्हणताच बटण दाबलं. पडद्यावर तीन बोटांची मुळं चुऱ्यासारखी दिसली.

"तुमाले नाई ना लागलं भाऊ?" तिने विचारलं.

"नाई."

"बरं झालं."

तिने टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुपारी पोलीस आले. दीक्षाने पट्टी बांधून घेता घेता सगळं सांगितलं. मग हवालदाराने चंद्रभानकडे बघितलं. "तुम्ही पहिल्याच बाकावर होता म्हणे. ओळखता का कुणाला?"

चंद्रभानला गाव दिसलं. गजेंद्रच्या बापाचं, नत्थुजीचं घर दिसलं आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेलं आपलं, ज्यात ऐंशीची म्हातारी आई एकटी राहत होती.

"मी पुस्तक वाचत होतो साहेब," तो म्हणाला. "मान वर करून पाहालेच भेटलं नाई."

दीक्षा तीन हातांच्या अंतरावर बसली होती. तिने ऐकलं.

संध्याकाळी गीतांजली एका नातेवाइकाच्या घरी सापडली. तिघं पकडले गेले. पण पुंजारामसकट गाडीतल्या बाकी कुणीही जबाबात काही पाहिलं नव्हतं. एक बायको आणि एक कंडक्टर, एवढेच दोन साक्षीदार. आणि लोक बोलू लागले, की बायकोला भडकवलंय आणि कंडक्टर त्या पोराच्याच समाजाची आहे.

चंद्रभान आता रेल्वेने जाऊ लागला. घरी कौशल्याने, त्याच्या बायकोने, विषय निघायच्या आतच मिटवला. "आपल्याले काय कराचं हाय? गावात आई हाय तुमची." तिसरा भाग त्याने उघडला. पुलावरची लढाई आली. पूर्वी असं पान आलं की तो पाय पोटाशी घेऊन, चहा विसरून वाचायचा. आता बरगडीत भाला शिरला आणि त्याला पायऱ्यांवर आपटणारं डोकं ऐकू आलं. त्याने पुस्तक कपाटावर टाकून दिलं.

दीड महिन्याने दीक्षा प्लॅस्टर काढून एक्स-रेला आली. तीन बोटं वाकत नव्हती. गाडीवरून काढून तिला अमरावती स्टँडच्या चौकशी खिडकीत बसवलं होतं. तिने पिशवीतून दुसरा भाग काढून टेबलावर ठेवला.

"झाला वाचून. डाव्या हातानं पानं उलटवाले टाइम लागते, बाकी काई नाई." मग म्हणाली, "एक सांगा. तो किल्ल्याचा पहारेकरी हाय ना, दुश्मन आत शिरते तवा मुकाट उभा राह्यते अन् राजाले म्हनते मी झोपलो होतो. त्याचं काय होते पुढच्या भागात?"

"तो येत नाई मंग परत."

"काहून?"

"लेखक इसरला असंन."

"असं कसं इसरते?" ती खरंच वैतागली होती. "एवढा मोठा सात भागाचा पसारा मांडाचा अन् त्याचंच नाई सांगाचं? मले तं त्याचंच पाहाचं होतं."

ती खोचून बोलली की साधंच, हे चंद्रभानला कधीच कळलं नाही. ती गेली. बाहेर चार पेशंट बसले होते. त्याने त्यांचे एक्स-रे काढले, मशीन बंद केली आणि डॉक्टरांना न सांगता पोलीस ठाण्यात गेला.

"मागचा जबाब खोटा होता," तो म्हणाला. "मी तिघायले ओळखतो. बापाच्या नावासकट."

हवालदाराने हातातलं काम बाजूला सारलं. मग त्याने कागद ओढला.

आठ दिवसांनी चंद्रभान आईला अमरावतीला आणायला गावात गेला. म्हातारी मैनाबाई गाठोडं बांधत होती. नत्थुजीचे दोन पुतणे अंगणात शिरले आणि त्यांच्यामागे नत्थुजी.

"आपल्याच मान्साच्या मुंडीवर सुरी ठेवतं काय बे चंद्या?"

"मी जे पाह्यलं ते सांगतलं नत्थुकाका."

पहिला ठोसा तोंडावर बसला. दात तुटल्याचं त्याला जिभेला कळलं. दुसऱ्याने पोटात लाथ घातली. तो पडला, तेव्हा त्यांनी त्याला तुडवलं. एक बरगडी मोडली, मग दुसरी. तीस वर्षांच्या सवयीने त्याला ती मोजता आली, कुठली ते सांगता आलं असतं. तो पाय धरून गयावया करत नव्हता आणि हातही उचलत नव्हता. मैनाबाई खराटा घेऊन बाहेर आली आणि नत्थुजीच्या टकलावर सपासप मारत सुटली. "मुडद्या! माह्या लेकाले मारतं! तुह्या पोरानं दुसऱ्याचं लेकरू मारलं, अन् तू माहं मारतं!" आवाजाने गल्ली जमली. म्हातारीवर हात टाकायची कुणाची हिंमत झाली नाही, म्हणून चंद्रभान वाचला.

वरचे चार दात गेले. खालचा जबडा तारांनी बांधावा लागला.

खटला दीड वर्षाने उभा राहिला. चंद्रभानची साक्ष दोन तास चालली. बचावाच्या वकिलाने पहिला जबाब वाचून दाखवला. "तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं की तुम्ही वाचत होतात. मग दिसलं कसं?"

"पुस्तक मिटलेलं होतं," चंद्रभान म्हणाला. जबडा नीट जुळला नव्हता, शब्द थोडे घसरत होते. "पिशवीत होतं. मी भेलो होतो म्हनून तसं सांगतलं. त्या पोरानं माहा पाय धरला होता. मी पाय मांगं घेतला."

गजेंद्रने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. चंद्रभानने नजर हटवली नाही. निकाल पुढे कितीतरी महिन्यांनी लागला, तिघांनाही जन्मठेप झाली आणि ते वर अपिलात गेले. पण चंद्रभानपुरतं जे व्हायचं ते त्या दुपारी झालं होतं.

बाहेर कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. दीक्षा तिथे बाकावर बसली होती. तिची साक्ष आदल्या दिवशी झाली होती, तरी ती रजा टाकून आली होती. तिने दोन चहा आणि टोस्ट सांगितले.

"सध्या काय चालू हाय भाऊ?"

"काईच नाई. लढाई आली का वाचवत नाई आता."

"मंग या मालिकेचा पह्यला भाग घ्या वाचाले. नऊ भागाची हाय, मी तिसऱ्यावर हावो. आभाळात एक शहर राह्यते, लोंबकळून. तिथली एक बाई पान्याचे पाइप दुरुस्त करते. पह्यल्या दोन भागात तं कोनीच मरत नाई."

"दोन भाग? मंग होते काय त्याच्यात?"

"मान्सं राह्यतात ना. भांडतात, पानी भरतात. वाचा तं खरं."

चंद्रभानने टोस्ट उचलला, दातांच्या जागी हिरड्यांवर दाबून पाहिला आणि बशीत परत ठेवला. दीक्षाने बोलता बोलता तो आपल्याकडे ओढला. उजव्या हाताची ताठ बोटं टोस्टवर टेकवून धरली, डाव्या हाताने त्याचे लहान लहान तुकडे केले, बशीत चहा ओतला, तुकडे त्यात बुडवून मऊ होईस्तोवर थांबली आणि बशी त्याच्यापुढे सरकवली.

"तं ते बाई," ती म्हणाली, "एक दिवस पाइपाले कान लावते..."