काचेतलं कापड

म्बाह पाइनेम, म्हणजे पाइनेम आजी, गेल्या, आणि त्यांच्या अंगावर घालायचं कापड विगातीने काचेत कोंडून ठेवलं होतं!

फोन सकाळी नऊला आला. म्बाहंची मुलगी मुर्यानी रडत नव्हती, हेच जास्त भयंकर होतं.

"म्बाक विगाती, आई पहाटे गेली. दुपारच्या नमाजानंतर उचलणार. कापड घेऊन ये."

बस्स. ठेवलाच फोन.

योग्यकार्तातल्या एका कलादालनाची विगाती क्युरेटर. काय मांडायचं, कुठे मांडायचं, भिंतीवर काय लिहायचं, सगळं तीच ठरवणार. आणि दालनाच्या मधोमध, कापडाच्या काचपेटीजवळच्या लोखंडी स्टँडवर, तिनेच तर मोठ्या झोकात लिहिलं होतं: 'कलाकाराने स्वतःच्या प्रेतासाठी काढलेलं हे बाटीक मरणाची वाट पाहत आहे.' म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही!

दोन आठवड्यांपूर्वी म्बाहंच्या अंगणात वितळत्या मेणाचा वास होता, गोड चहा होता, आणि विगाती हात जोडत होती. "तीनच महिने, म्बाह! तुम्ही तर ठणठणीत आहात."

"बरं, न्दुक, पोरी," मेणाच्या लेखणीवर फुंकर मारत म्हातारी म्हणाली होती, "तीन महिने मरत नाही. पण मरणाच्या फरिश्त्याला चिठ्ठी तूच लिही. तुला लिहायची फार हौस!"

आणि विगाती खदखदून हसली होती. आता तो हसण्याचा आवाज कानातून जाईना.

पेटीची चावी संचालक पाक दार्सोनोंच्या खिशात, आणि पाक दार्सोनो पाहुण्यांना आणायला विमानतळावर.

"वेड लागलंय का तुला? चारला उद्घाटन आहे!" ते फोनवरच ओरडले. "त्यांना दुसरं कापड दे. त्या गावात बाटीकचा दुष्काळ पडलाय का?"

"हे त्यांनी स्वतःसाठी काढलंय, पाक."

"म्हणून तर सगळं प्रदर्शन त्यावर उभं आहे! हे मी नाही, तू लिहिलंयस."

विगातीने केसांतली पिन कुलपात घातली. पिन मोडली. स्क्रूड्रायव्हर घातला, तो सटकून तळहातात घुसला. साडेअकरा वाजले. गाव तासाभरावर. तिने रडत रडत पेटीला लाथ मारली, पेटी जागची हलली नाही. मग तिने स्वतःच्या त्या सुंदर वाक्यासकट लोखंडी स्टँड उचलला आणि घातला काचेवर. साबुदाण्याची गोण फुटावी तशी काच सांडली.

कापडाचं गाठोडं पोटाशी बांधून मोटरसायकलवर ती वाटभर एकच बडबडत होती. थांबा, म्बाह. थोडं थांबा.

ती पोचली तेव्हा नमाज झाला होता. तिरडी अंगणात होती, वर शेजारणीचं कापड. पुरुष खांदा द्यायला वाकलेच होते. मुर्यानीने गाठोडं हिसकावलं, कापड झटक्यात उलगडलं, आणि तिच्या बोटातून रक्त आलं.

"यात काच आहे," ती म्हणाली. एवढंच.

"उचलू या, बू मुर्यानी," गावचे मौलवी हळूच म्हणाले. "उशीर बरा नाही. आहे ते कापड चालेल."

"नाही चालणार! जन्मभर हातावर मेणाचे चटके घेतले तिने. आता हे तिचंच घालणार, आणि बिनकाचेचं घालणार."

बायका पुढे सरसावल्या. कापड ताणून उन्हात धरलं गेलं. एकेक कण चमकायचा, नखाने टिपला जायचा, केळीच्या पानावर पडायचा. पुरुष उभेच.

विगातीच्या खिशात फोन थरथरत होता. एकदा, दोनदा, सातदा. ती कुंपणापाशी खिळली होती. पुढे व्हायचं तरी कोणत्या तोंडाने?

मुर्यानीने वर न बघताच कापडाचं एक टोक तिच्याकडे फेकलं.

"उभी काय राहिलीस? तू मागताना आईला काय म्हणाली होतीस? जिवापाड सांभाळीन. मग धर. वेच."

विगाती मातीत बसली. डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला सगळंच चमकताना दिसत होतं. काच कुठली नि काय कुठलं, काही कळेना. शेवटी तिने डोळे मिटले आणि जखमी तळहात कापडावरून सावकाश, इंच इंच फिरवायला सुरुवात केली.