बाहेरूनही तेच

रफूगाराची ख्याती अशी, की त्याने बुजवलेलं भोक खुद्द ते पाडणाऱ्या उंदरालाही सापडलं नसतं. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून उलटसुलट करायचं, शेवटी हात टेकायचं, आणि हा मिशीतल्या मिशीत हसायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, पण ऐट सराफाची. आयुष्यभर त्याने एकच धर्म मनापासून पाळला: फाटलं की झाकायचं. गावच्या चर्चमध्ये गरिबीचं व्रत घेतलेल्या एका संताची मूर्ती होती; तिच्या झग्यावर ठिगळ कोरलेलं होतं, तेही त्याला मूर्तिकाराची हयगय वाटायची.

आणि याच्याच धाकट्या लेकीने त्या संताच्या मठात जाऊन दारिद्र्याचं व्रत घ्यायचं ठरवलं. रफूगाराचं डोकंच चालेना. गरिबी ही काय मागून घ्यायची गोष्ट? ती न बोलावता येते आणि हाकलली तरी हलत नाही.

"आपण घरी कमी गरीब होतो का गं, की आणखी तिकडे जाऊन व्हायचं?" त्याने विचारलं.

"गरीब होतो बाबा, पण लपवत होतो," धाकटी म्हणाली. 

मठात नव्या मुलीला नवा झगा मिळत नसे. आधी कुणी वापरलेला, ठिगळ लावलेलाच घालायचा. धाकटीच्या वाट्याला आलेला झगा पाठीवर फाटला होता, आणि मठाच्या प्रमुख मदरनी तो मोठ्या विश्वासाने तिच्या बापाकडेच पाठवला. रफूगाराने जीव ओतला. झग्याच्याच शिवणीतून धागे उपसले, उभे-आडवे विणले, भोक गायब. मदरनी झगा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"काम सुरेख आहे हो. पण फाटलेलं दिसतच नाही."

"तेच तर कसब आहे, मदर!"

"आमच्याकडे ते दिसावं लागतं. गोणपाटाचं ठिगळ लावून द्याल?"

घरी येऊन त्याने बायकोपुढे झगा आपटला. "चांगल्या रफूवर गोणपाट! चेहऱ्यावर मशेरी फासायला सांगतात मला!"

"मग फासा की," बायको म्हणाली. "पोरगी चालली, आणि तुम्हाला टाक्यांची पडलीय."

गोणपाट हातात घेऊन त्याने ते स्वतःच्या मानेवर घासून पाहिलं. धाकटीची छाती लहानपणापासून नाजूक. जरा गार वारा लागला की पाठीत कळ, मग रात्र रात्र खोकला. मठातल्या दगडी खोल्या त्याने पाहिल्या होत्या, तिथे साधी शेगडीही नव्हती. ठिगळ तर ठिगळ, पण आत काय आहे ते कोण बघतंय? त्याने ट्रंकेतली तिची लहानपणची लाल दुलई काढली, मऊ तुकडा कापला आणि गोणपाटाचं ठिगळ लावून त्याच्या बरोबर मागे, आतून शिवला. बाहेर एक टाकाही दिसत नव्हता. बायकोलाही त्याने पत्ता लागू दिला नाही.

व्रत घेण्याच्या सोहळ्याच्या आदल्या दुपारी धाकटी झगा न्यायला दुकानात आली. तिने तो अंगात घातला आणि तशीच थांबली. हात मागे गेला.

"बाबा, ही माझी दुलई ना?"

रफूगार चोरासारखा खाली बघत म्हणाला, "अगं, तुझी छाती... कुणाला दिसत नाही ते. मदरना कळणारही नाही."

धाकटी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. तिचे डोळे भरले होते. "आमचा संत आजारी पडला तेव्हा सोबत्यांनी झग्याच्या आतून मऊ कातडं शिवतो म्हटलं. तो म्हणाला, शिवा, पण तेवढंच बाहेरूनही शिवा. माझ्या अंगाशी काय ऊब आहे ते लोकांना कळू दे."

"म्हणजे मी काढून टाकू?"

"काढू नका. मला थंडी वाजते, बाबा. गोणपाट काढा आणि बाहेरूनही तेच लावा."

"लाल? भर पाठीवर? लोक हसतील गं!"

"हसू देत."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. हे लपवणं पाप आणि दाखवणं पुण्य, हा हिशेब त्याला कुठल्याच बाजूने जुळेना. सुईत दोरा जाईना, तो शेवटी धाकटीने ओवून दिला. टाके मात्र त्यानेच घातले. नजर सुईपेक्षा धाकटीकडेच जात होती, त्यामुळे ते वाकडेतिकडे पडले. ते उसवून पुन्हा घालावेत असं त्याला फार वाटलं, पण धाकटीने झगा त्याच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी धाकटी चर्चच्या मधल्या वाटेने पुढे गेली. तपकिरी पाठीवर तो लाल चौकोन सगळ्यांना दिसला. कुजबुज झाली. बायकोने दुलई ओळखली आणि त्याचा हात घट्ट धरला. रफूगाराला कुठे बघावं कळेना. व्रत कळलं नव्हतं, संत कळला नव्हता, पोरगी का चालली तेही कळलं नव्हतं.

मागच्या बाकावरचं जुनं गिऱ्हाईक पुढे वाकलं. "काय हो, घरात तुमच्यासारखा कारागीर असताना हे असलं बेढब काम कुणाचं?"

रफूगाराने मागे वळून पाहिलं.

"माझं," तो म्हणाला. "आणि आतूनही तेवढंच आहे."